दादरचा फुलबाजार, यंदाचा पाऊस आणि झेंडूचे फोटो

दादर पश्चिमेचा फुलबाजार, म्हणजे सेनापती बापट मार्गावरची मीनाताई ठाकरे फुलमंडी आणि तिच्या आजूबाजूला, पुलाखाली, फुटपाथवर पसरलेला सगळा पसारा, याचा रिव्ह्यू लिहायचं बरेच दिवस मनात होतं. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, दसऱ्याच्या आदल्या पहाटे परत जाऊन आले, आता दिवाळी तोंडावर आहे आणि बरेच जण विचारतायत की फुलं कुठून घ्यायची, फोटो कुठे काढायचे, म्हणून सगळं एकत्रच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे, फुलांचे फोटो काढायची हौस असेल तर मुंबईत यापेक्षा चांगली जागा नाही असं माझं ठाम मत आहे. राणीच्या बागेतली फुलं छान असतात, पण तिथे फूल झाडावर एकटं असतं. इथे फुलाबरोबर हात येतात, सुई येते, तराजू येतो, पाटी येते, भाव येतो. आणि यंदा तर पाऊसही आला, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

जायचं कसं, तर लोकलनेच जा. कॅबचा विचारही करू नका. १२ सप्टेंबरच्या रात्री प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला आणि तेव्हापासून तिकडची गाड्यांची गर्दी टिळक पुलावर येते. आधीच दादर, त्यात सणाचे दिवस. तसंही यंदा दादर सतत बातम्यांतच आहे, पावसाळ्यात कबुतरखान्याचा वाद, आता हा पूल. पश्चिम रेल्वेच्या एक नंबर फलाटाच्या बाजूने बाहेर पडलात की वास येतोच, रस्ता विचारावा लागत नाही.

वेळ महत्त्वाची. बाजार पहाटे चारच्या सुमाराला जोरात असतो, पण तेव्हा सगळा होलसेलचा व्यवहार. गोणी उतरतायत, हमाल धावतायत, व्यापारी ओरडतायत, अशा वेळी कॅमेरा घेऊन मध्ये उभं राहणं म्हणजे लोकांच्या पोटावर पाय. तेव्हा फक्त बघा. साडेसहा सातच्या पुढे थोडी उसंत मिळते आणि उजेडही तेव्हाच येतो. रेल्वे लाईन बाजाराच्या पूर्वेला आहे त्यामुळे सकाळचं ऊन स्टेशनच्या बाजूने तिरकं आत शिरतं आणि झेंडूच्या ढिगावर पडतं तेव्हा जो रंग दिसतो तो नंतर दिवसभर दिसत नाही. नऊनंतर रिटेलची गर्दी इतकी होते की फोटो विसरा, पिशवी सांभाळा.

फोटोंचं जरा तपशिलात लिहिते कारण याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. झेंडूचा फोटो मोबाईलवर काढला की नारिंगी रंगाचा नुसता गोळा येतो, पाकळी दिसतच नाही, ही सगळ्यांची तक्रार. कारण असं की नारिंगी-पिवळ्या रंगात लाल रंग कॅमेऱ्याला इतका मिळतो की तो भरून वाहतो आणि त्यातला बारकावा जातो. उपाय सोपा आहे, स्क्रीनवर बोट ठेवून एक्सपोजर खाली ओढा, फोटो थोडा काळपट वाटेल इतका ओढा, नंतर घरी उजळवता येतो, पण गेलेली पाकळी परत येत नाही. दुसरं म्हणजे निळी ताडपत्री. पावसाळ्यात अर्धा बाजार निळ्या ताडपत्रीखाली असतो आणि तिच्याखाली झेंडू मातकट दिसतो, शेवंती आजारी दिसते. व्हाईट बॅलन्सशी, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंग जुळवणीशी, मारामारी करण्यापेक्षा ताडपत्रीच्या कडेला जिथे उघडं आभाळ दिसतं तिथलं गिऱ्हाईक व्हा. पिवळा बल्ब आणि पांढरा एलईडी एकत्र असतील तिथेही तेच होतं, एक बाजू पिवळी एक बाजू निळी. मोठी झूम लेन्स आणू नका, धक्के लागतात आणि लोक बुजतात, पस्तीस किंवा पन्नास एमएमची लेन्स पुरते, नाहीतर मोबाईल.

आणि जवळ जा. झेंडू आपण एक फूल म्हणून बघतो पण प्रत्यक्षात ती शेकडो लहान फुलांची एक गच्च वस्ती असते, आपण जिला पाकळी म्हणतो तेही एकेक स्वतंत्र फूलच. मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या मोडमध्ये, बघितलं की प्रत्येकाच्या बुडाशी पाणी अडकलेलं दिसतं. यंदा तर प्रत्येक फुलात दिसलं. तिथूनच मला यंदाचा सीझन कळला असं म्हटलं तरी चालेल.

झेंडू भिजला की काय होतं माहितीये का? वरून तो ताजा, टवटवीत दिसतो, थेंब बिंब, फोटोला एकदम मस्त. पण पाणी आत मुरलेलं असतं, ढिगात ऊब धरते आणि दुसऱ्या दिवशी देठाकडून काळा पडायला लागतो. व्यापाऱ्यांना हे माहीत असतं म्हणून भिजलेल्या मालाला उठाव नसतो, भाव पडतो, आणि कोरड्या मालाचा भाव चढतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकाच रांगेत शेजारी शेजारी कोरडा आणि भिजका झेंडू होता आणि भावात जवळपास दुपटीचा फरक होता. गिऱ्हाईक म्हणतं झेंडू महाग झाला, आणि ज्याचा माल भिजला तो शेतकरी म्हणतो मला वाहतूकपण सुटली नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

झेंडूचं गणित दसऱ्याला धरून केलेलं असतं. लागवडीपासून साधारण दोन महिन्यांनी तोडा सुरू होतो, त्यामुळे दसऱ्याला माल हवा तर जुलैअखेरीला रोपं जमिनीत जायला हवीत. यंदा पाऊस मुंबईत २६ मे लाच आला, इतक्या लवकर तो गेल्या पंच्याहत्तर वर्षांत आला नव्हता, आणि आल्यावर जायचं नावच घेईना. रोपं लागली तेव्हा पाऊस, कळी धरली तेव्हा पाऊस, आणि ऐन तोड्याच्या वेळेला सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत मराठवाड्यात जे झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, इकडे सोलापुरात सीना नदी. धाराशिवमधल्या परांड्यात लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. आणि ते सगळं नवरात्रात.

मी ज्या गाळ्यावरून नेहमी शेवंती घेते तिथला हमाल परांड्याकडचा आहे. दरवेळी हसून "ताई, या" म्हणणारा माणूस, यावेळी गोणीवर बसून फोन कानाला लावून होता. विचारलं तर म्हणाला, "घरचे बरेत ताई, वस्तीवर शाळेत हायेत. पण सोयाबीन गेलं, आणि माती बी गेली. पीक परत येतंय हो, माती कुठनं आणायची." एवढं बोलून उठला आणि पुढची गोणी पाठीवर घेतली. मी त्याचा फोटो काढला नाही. त्याच गोणीतून सांडलेल्या पिवळ्या शेवंतीचा काढला, ओल्या फरशीवर, बाजूने चपलांची ये-जा चाललेली.

आता हे सांगायचं कारण. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की राज्यात एवढा पूर आलाय आणि आपण फुलांचे फोटो काय टाकतोय. रविवारी २८ तारखेला नवरात्राचा रंग नारिंगी होता, मुंबईतही धो धो पाऊस, सगळ्यांच्या स्टेटसला नारिंगी साड्या आणि झेंडू, आणि मध्येच कुणीतरी पाण्यात बुडालेल्या गोठ्याचा व्हिडिओ टाकलेला. खूप अस्वस्थ वाटलं. काही मैत्रिणींनी फोटो टाकणं बंद केलं, त्यांच्या भावनेचा आदर आहे. पण मला असं वाटतं की फुलं न दाखवल्याने फुलवाल्याचं काही भलं होत नाही, उलट सणाला लोकांनी फुलं घेतली नाहीत तर जो थोडाफार माल शिल्लक आहे तोही जातो. म्हणून मी एक सवय लावून घेतलीय. फुलाचा फोटो टाकायचा तर खाली त्या दिवसाचा भाव लिहायचा, माल कुठून आला ते विचारून लिहायचं, आणि कोरडा की भिजलेला तेही. झेंडू, जुन्नर, कोरडा, इतका भाव. बस. जुने फोटो काढून बघितले की कुठल्या वर्षी काय झालं ते त्या एका ओळीत सापडतं. ज्यांना फुलांच्या फोटोंची आवड आहे त्या सगळ्यांनी हे करून बघा अशी माझी मनापासून विनंती आहे.

हां, आणि ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातलं शेतापर्यंत किती आणि कधी पोचतं ते दिवाळीच्या बाजारात कळेलच, कारण दिवाळीच्या झेंडूचा तोडा करायला मजूर लावायचा तरी हातात पैसे लागतात.

बाकी बातम्यांचं म्हणाल तर घटस्थापनेलाच, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले, सगळीकडे गाड्या टीव्ही एसी स्वस्त अशी चर्चा. ताज्या फुलांवर जीएसटी नाहीच त्यामुळे बाजारात त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. इथे ज्याचा विषय निघतो तो प्लास्टिकच्या फुलांचा. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याचा विषय गाजला, फुलवाले तेव्हापासून वाट बघतायत. त्याच रस्त्यावर पन्नास पावलांवर प्लास्टिकची झेंडूची तोरणं लटकलेली, दर वर्षी धुऊन वापरा म्हणून विकतायत. लोक घेतात कारण परवडतं, त्यांना दोष देत नाही. पण मी एकदा दोन्ही तोरणांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि ज्याला कुणाला दाखवले त्याने क्षणात ओळखलं. खऱ्या तोरणात एकही फूल दुसऱ्यासारखं नसतं, एक जरा उघडलेलं, एक कळीतच, एकाला माती. डोळ्याला तेच हवं असतं. आणि खऱ्या तोरणाच्या मागे शेतकरी, ट्रकवाला, हमाल, ओवणारी बाई अशी माणसं उभी असतात. माझं मत स्पष्ट आहे, बंदी यावी आणि ती नीट राबवावी, आणि तोपर्यंत आपण दारापुरतं तरी खरं तोरण घ्यावं, छोटं असलं तरी चालेल.

आता बाजारात काय बघायचं, काय घ्यायचं.

सोनचाफा. माझं सगळ्यात आवडतं. वसईकडचे शेतकरी पहाटेच्या लोकलने घेऊन येतात, पिढ्यानपिढ्या चाललंय. तो हाताळायचा नाही, जिथे बोट लागतं तिथे तपकिरी डाग पडतो म्हणून विकणाऱ्या बायका देठाला धरतात, आणि तुम्हीही तसंच धरा. फोटो काढायचा तर मागे काहीतरी गडद रंगाचं असू द्या, हिरवं पान उत्तम, आणि सकाळीच काढा कारण दुपारपर्यंत कडा मऊ पडतात. वास मात्र कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही, त्यासाठी दोन फुलं घेऊन लोकलमध्ये बसा, सगळा डबा तुमच्याकडे बघतो.

कमळ. गुलाबी कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडतात, बोटं इतकी पटापट चालतात की फोटोत धूसरच येतात. मी ते तसंच ठेवते, फूल स्वच्छ आणि बोटं हलती. शटर जरा स्लो ठेवा म्हणजे हे जमतं.

गुलछडी, मोगरा, अष्टर हे नेहमीचं, त्यात फार लिहिण्यासारखं नाही, चांगलं मिळतं, भाव ठीक. गजरा घेताना दोरा दिसतोय का बघा, यंदा फुलं कमी आणि दोरा जास्त असं बऱ्याच ठिकाणी होतं.

दसऱ्याला फुटपाथवर ज्या आदिवासी बायका बसतात, पालघर, कसारा, कर्जत बाजूच्या, त्यांच्याबद्दल खास लिहायचंय. आदल्या रात्रीच येतात, तिथेच झोपतात, भाताच्या लोंब्या, आंब्याचे डहाळे, आपट्याची पानं, रानातली फुलं घेऊन. लोंब्या हळव्या भाताच्या, दसऱ्यापर्यंत पिकतं ते. यंदा कितीतरी लोंब्या पोचट होत्या, दाणा भरलेलाच नाही, पाऊस पडत राहिला तर दाणा भरणार कसा. मी एका मावशींकडे फोटोसाठी विचारलं तर म्हणाल्या, "आधी भवानी होऊ दे बाय, मग काढ काय काढायचा तो." एकदम बरोबर. मी दोन जुड्या घेतल्या, मावशींनी नोट कपाळाला लावली आणि मग स्वतःच लोंब्यांची जुडी हातात धरून कॅमेऱ्याकडे वळल्या, पदर वगैरे नीट करून. भवानी झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही हे सगळ्यांनी पाळावं. तिथे मंडळींना रोज कुणीतरी येऊन फुकट फोटो काढून जातं, माल कुणी घेत नाही, वर "जरा इकडे बघा ना" म्हणून धंदा अडवतात. गिऱ्हाईक म्हणून जा, फोटो आपोआप मिळतात.

आपट्याचं एक सांगायला हवं. आपटा म्हणून जे विकतात त्यातलं बरंच कांचनाचं पान असतं. ओळखायचं कसं, आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. विकणाऱ्यांशी भांडायची गरज नाही, पण फांद्याच्या फांद्या ओरबाडून येतात ते बघवत नाही, घरात एक पान पूजेला पुरतं. मी तेवढंच घेते.

आता उणं काय ते. चिखल भयंकर. पावसात कुजलेली फुलं, पानं, पाणी यांचा राडा होतो आणि पाय घसरतो, चप्पल घालून जाऊ नका, पट्टीचे सँडल किंवा जुने बूट. वापरायला स्वच्छ टॉयलेट शोधत फिरावं लागतं, बायकांनी हे धरूनच निघा. गर्दीत मोबाईल सांभाळा. आणि माल नीट बघून घ्या, एका ठिकाणी मला पिशवीत वरचा थर कोरडा आणि खाली सगळा भिजका माल घालून दिला होता, घरी ओतल्यावर कळलं. तेव्हापासून मी समोर पाटीत ओतायला सांगते, हात खालपर्यंत घालून बघते, कुणी रागावत नाही. ओला माल किलोवर घेतलात तर पाण्याचेही पैसे देता हे लक्षात ठेवा.

भिजका झेंडू घेऊच नका असं मात्र मी म्हणणार नाही. उद्याच तोरण लावायचंय, संध्याकाळपर्यंत टिकलं तरी पुरे, अशांनी तोच घ्यावा, स्वस्त पडतो आणि कुणाचा तरी माल फेकायचा वाचतो. घरी आणल्या आणल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, कागदावर एक थर पसरा, पंखा लावा, देठ खाली आणि तोंड वर. फ्रिजमध्ये पिशवीसकट कोंबू नका, तिथे तो आणखी लवकर सडतो. दोन तास पंख्याखाली राहिला की ओवायला घ्या.

घरपोच फुलं देणाऱ्या एका अ‍ॅपवरूनही यंदा मागवून बघितली, आईला गर्दीत नेणं शक्य नव्हतं म्हणून. बॉक्स सुंदर, आत मूठभर झेंडू, भाव बाजाराच्या कितीतरी पट, आणि फुलं कधीची ते देवालाच माहीत. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांची सोय होते हे मान्य, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी बाजारातच जावं.

पाचपैकी द्यायचे तर फुलांना पाच, फोटोंना पाच, माणसांना पाच, स्वच्छतेला एक. एकूण चार देते.

दिवाळीचं आत्ताच लिहून ठेवते. १७ ला वसुबारस, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर २०२५ ला. कमळ हवं असेल तर दोन दिवस आधी ओळखीच्या फुलवाल्याला सांगून ठेवा, ऐनवेळी कळी मिळत नाही किंवा सांगेल तो भाव द्यावा लागतो. झेंडू २० च्या पहाटेला घ्या, एक दिवस आधी, पण पाऊस झाला असेल तर २१ च्याच पहाटे जा आणि कोरडा बघून घ्या. पिशवी कापडी न्या. सुट्टे पैसे न्या, यूपीआय बहुतेकांकडे आहे पण फुटपाथवरच्या मावशींकडे नसतं. आणि फोटो टाकलात तर खाली भाव लिहा, मी वाचतेय.